कुंडीतला वाटाणा



दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. ३ मे १९१३ ही तारीख आठवते, गिरगावातलं कॉरोनेशन थिएटर आठवतं. मला आज बोलायचंय ते त्याच्या आधी त्यांनी केलेल्या एका चित्रपटाबद्दल. लांबी जेमतेम मिनिटभराची आणि नायक म्हणजे एक वाटाणा.

त्या वाटाण्याकडे वळण्याआधी माणसांच्या स्वभावाबद्दल थोडं. अति विचार करणारा माणूस आणि हट्टी माणूस, यांना आपण नेहमी दोन टोकांना बसवतो. एकाला म्हणतो, अरे किती काथ्याकूट करशील! दुसऱ्याबद्दल म्हणतो, हा कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. पण जरा जवळून बघा. पहिला रात्रभर कूस बदलत त्याच त्या चार शंका पुन्हा मोजतो. दुसरा आपलं कालचंच वाक्य आज आवाज चढवून म्हणतो. बाहेरून नवीन असं काही दोघांकडेही येत नाही. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा ही दोन माणसं नसतातच. सकाळी अडून बसणारा आणि रात्री झोप न येणारा, तो एकच असतो.

फाळक्यांमध्ये हे दोन्ही होते. १९०९ साली ते छपाईची यंत्रं आणायला जर्मनीपर्यंत जाऊन आले होते, तीनरंगी छपाईत त्यांचं नाव झालं होतं. पुढे भागीदारांशी बिनसलं. ते बाहेर पडले, आणि पुन्हा छपाईच्या धंद्याकडे फिरकले नाहीत. वय चाळिशीचं, घरात बायको-मुलं, हाताला काम नाही. अशा वेळी गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी येणार, या एका प्रश्नाने त्यांना पछाडलं.

मग काय? रोज संध्याकाळी सिनेमा. मिळतील ती पुस्तकं, मिळतील ती माहितीपत्रकं. दिवसभर घरात मेणबत्ती आणि भिंग घेऊन प्रयोग. झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की दिसेनासं झालं; डॉक्टरांचे उपचार आणि बदलून बदलून दिलेले चष्मे, यांनी दृष्टी कशीबशी परत आली. मित्रांना वाटलं, याचं डोकं फिरलं. इथपर्यंतचा माणूस आपल्या ओळखीचा आहे. प्रत्येक गावात असा एकजण असतो, आणि त्यातले बहुतेक इथेच थांबतात.

फाळके थांबले नाहीत. विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी आधी त्यांना या नादापासून परावृत्तच करायचा प्रयत्न केला. पण नंतर त्यांनीच ओळख करून दिली, आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळक्यांना सारी तंत्रं डोळ्यांनी पाहता आली. एप्रिलमध्ये ते परतले. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म यांची ऑर्डर देऊनच.

आता भांडवल हवं होतं. सावकाराला काय सांगणार? हट्टी माणूस इथे वाद घालायला बसतो, आणि विचारी माणूस आणखी एक आराखडा काढतो. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा रोवला. महिनाभर ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. ती पट्टी धुऊन पडद्यावर दाखवली तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माती उकलली, अंकुर वर आला, वेल चढली. यशवंतराव नाडकर्णी प्रभृतींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली ती हे पाहून.

मला वाटतं, त्या वाटाण्याने सावकारांच्या आधी खुद्द फाळक्यांचं समाधान केलं असावं. मुंबईच्या हवेत फिल्म टिकते का, घरी धुता येते का, चित्र पडद्यावर स्थिर राहतं का? या प्रश्नांना डोकं कितीही खाजवलं तरी उत्तर नव्हतं. फिल्म कोरी यायची, तिच्या कडांना भोकं पाडावी लागायची, तीही अंधारात, हाताने चाचपत. भोक किंचित इकडेतिकडे गेलं की पडद्यावर चित्र उड्या मारणार. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. दागिने त्यांनी दिले, रसायनं त्यांनी कालवली आणि चित्रीकरणाच्या माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच केला. फाळक्यांच्या जिद्दीचे पोवाडे गाताना या बाईंचं नाव आपण फार घाईने उच्चारतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

‘राजा हरिश्चंद्र’चं काम सुरू झाल्यावर त्या हट्टाचं काय झालं, ते बघण्यासारखं आहे. हरिश्चंद्राची राणी तारामती, तिच्या भूमिकेला स्त्रीच हवी, असा फाळक्यांचा आग्रह होता. जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही विचारून पाहिलं. कुणी तयार होईना. नुसता विचार करणारा म्हणाला असता, काळ अजून आला नाही. फाळक्यांनी ग्रँट रोडच्या उपाहारगृहात दहा रुपयांवर काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना पंधरा रुपये कबूल केले आणि तारामती उभी केली. मुलाला मरणाची भूमिका द्यायला कुठले आईबाप राजी नव्हते, तर राजपुत्र रोहिदास म्हणून आपला मुलगा भालचंद्र उभा केला. चित्रपट सोडायचा नाही, पण त्यातली अट सोडता येते, हा फरक त्यांना दादरच्या बंगल्यात रोजची अडचण निस्तरताना कळला. आरामखुर्चीत तो कळत नाही.

पुढचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही देवाची कहाणी होईल. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीत भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. दादासाहेब उठून काशीला गेले. तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, पण कॅमेऱ्यापासून दूरच राहिले. काही वर्षांनी परतले खरे, तरी पहिली घडी पुन्हा बसली नाही. स्वभाव तोच होता, गुंतायला हाताशी काम तेवढं नव्हतं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचं निधन झालं.

श्रोतेहो, भावाशी बोलणं टाकलं असेल, जागेचा अर्ज भरायचा राहिला असेल, पेटी शिकायची ठरवून वर्षं लोटली असतील. त्याचा आणखी विचार आज करू नका. फोन उचला, अर्जावर निदान नाव तरी घाला, पेटीवरची धूळ झटका. यानंतर बातम्या आहेत. त्या आज नाही ऐकल्या तरी चालेल.