आधी हात बघा, मग एमआरआय

दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळ झाले, आयोजकांचे आभारही झाले. यकृतविकारात मेंदूवर होणारे परिणाम आणि त्यांची प्रतिमाचित्रे, या विषयाचा आढावा परिषदेच्या अध्यक्षांनी घ्यावा अशी अपेक्षा होती. तो त्यांनी चार वाक्यांत उरकला आणि कित्येक वर्षे पोटात ठेवलेली तक्रार बाहेर काढली. सिरोसिसचा रुग्ण बरळू लागला की त्याची रवानगी थेट एमआरआयला होते. हात पुढे करायला मात्र त्याला कोणी सांगत नाही.

हात सरळ पुढे धरून पंजे वर वळवले की अशा रुग्णाची मनगटे मधूनमधून गळतात. अ‍ॅडम्स आणि फोली यांनी ही खूण 1949 मध्ये नोंदवली. तिला खर्च शून्य. एमआरआयमध्ये मेंदूतला ग्लोबस पॅलिडस हा भाग पांढरा चमकतो, कारण यकृताने पित्तावाटे बाहेर टाकायचे मँगनीज तिथे साठते. यकृतरोपणानंतर ही चमक हळूहळू ओसरते. पण रुग्ण आज किती गुंगीत आहे, हे ती सांगत नाही. भिंतीवरची काजळी चूल पेटत होती एवढेच सांगते, आत्ता पेटली आहे का ते नाही, असे अध्यक्ष म्हणाले.

मग त्यांच्या रुग्णांचे किस्से आले. एका हिशेबनिसाच्या रिपोर्टवर ‘हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी’, म्हणजे यकृतविकाराने मेंदू बिघडल्याचे, निदान होते आणि तो गृहस्थ बाह्यरुग्ण विभागात बसून बिलातली बेरजेची चूक दाखवत होता. दुसऱ्याच्या स्कॅनमध्ये काहीच नव्हते, पण तो हाकेला ओ देत नव्हता. त्याला अनेक दिवस शौचाला झाली नव्हती. 1966 पासून वापरात असलेल्या लॅक्टुलोजचा एनिमा दिला. दुसऱ्या दिवशी त्याने चहा मागितला.

सकाळच्या सत्रात तरुण मंडळींनी एमआर स्पेक्ट्रोस्कोपीची बाजू लढवली होती. अमोनियामुळे अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींत ग्लुटामिन वाढते, पाणी शिरते, आणि तोल सांभाळायला पेशी मायो-इनॉसिटॉल बाहेर टाकते. आलेखात हे सगळे दिसते. विवेचन सुंदर आहे, हे अध्यक्षांनी मान्य केले. वाद मात्र त्यांनी एका अक्षरशून्य मेंढपाळाच्या गोष्टीने मिटवला. एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायची, एवढीच चाचणी. एरवी अख्खे रान तोंडपाठ असलेला तो माणूस मेंढी, शेळी, कुत्रा म्हणून थांबला आणि पुन्हा मेंढीवर आला. सुनेने लगेच सांगितले, ‘मामंजी चार दिवस असंच करतायत.’

स्कॅनचे वैरी आपण नाही, हेही त्यांनी बजावले. गोंधळाचा पहिलाच झटका, डोक्यावर पडलेला रुग्ण, एका बाजूची कमजोरी: इथे सीटी ताबडतोब हवा. सिरोसिसच्या रुग्णांत मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका किमान पाचपट असतो, आणि रक्तातला अमोनिया नॉर्मल आला तर निदानच पुन्हा तपासावे लागते. यकृत अचानक निकामी झाले तर मेंदूची सूज जीव घेऊ शकते. तरुणाला विल्सनचा आजार असेल, तर मध्यमेंदूत पांडाचा चेहरा दिसू शकतो. अशा वेळी नुसते लॅक्टुलोज चालू करून वाट पाहणाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही.

मराठी रुग्णांसाठी प्राणी-नामांची प्रमाणके ठरवणारी समिती नेमू, असे आश्वासन मिळाले. तिच्यात कोण असेल, पैसा कुठून येईल, हे राहूनच गेले. रेडिओलॉजिस्टांकडे मात्र त्यांनी नेमके मागणे केले: ग्लोबस पॅलिडस चमकला तर रिपोर्टमध्ये ‘मँगनीज साठले असावे’ एवढेच लिहा, एन्सेफॅलोपॅथीचे निदान रुग्णाला तपासणाऱ्यावर सोडा.