रोहित : रणातला रहिवासी



बडोद्याच्या मराठी घरांत एका पक्ष्याची दोन-तीन नावे नित्य कानावर पडतात. परंतु ती सारी एकाचीच, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. गुजरातीत तो सुरखाब किंवा हंज, मराठीत रोहित अथवा अग्निपंख, आणि शाळकरी मुलांच्या तोंडी फ्लेमिंगो. ‘सुरखाबाचे पर’ ज्या पक्ष्यामुळे हिंदीत म्हणीला पोचले, तो मात्र हा नव्हे; तो आपला चक्रवाक. गुजरातने आपला राज्यपक्षी म्हणून ज्याला मान दिला तो थोरला रोहित. जगात रोहितांच्या सहा जाती आहेत. त्यांपैकी थोरला आणि धाकटा या दोन भारतात आढळतात.

संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा. गंमत अशी की हा तांबडेपणा पक्ष्याचा जन्मजात नव्हे. पिल्लू अंड्यातून बाहेर येते ते करड्या-पांढुरक्या लवेचे. चोचही सरळ असते. खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म शेवाळ आणि ते खाऊन वाढणारे बारीक कोळंबीसारखे जीव यांच्या अंगी जी रंगद्रव्ये असतात, तीच पुढे दोन-तीन वर्षांत पिसांत उतरतात. प्राणिसंग्रहालयात तसे अन्न मिळाले नाही तर थोर वयाचा रोहितही फिकट पडतो. तेव्हा हा रंग खरे पाहता त्या खाऱ्या दलदलीचा. पक्षी केवळ तो अंगावर वागवतो.

खाण्याची तऱ्हाही निराळीच. मान खाली घालून तो चोच पाण्यात उलटी धरतो, इतकी की वरचा जबडा खाली येतो. जाड जीभ दट्ट्याप्रमाणे मागेपुढे होते. पाणी आत ओढले जाते व चोचीच्या कडांवरील बारीक पापुद्र्यांच्या चाळणीतून बाहेर फेकले जाते. अन्न तेवढे मागे राहते. पायांनी गाळ ढवळणे आणि चोचीची जलद उघडझाप यांमुळे पाण्यात लहान भोवरे उठतात व भक्ष्य चोचीकडे खेचले जाते, हे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. एका पायावर उभे राहण्याचे कोडे असेच. शरीराचा भार विशिष्ट रीतीने पडला की सांधे आपोआप स्थिरावतात. स्नायूंना जवळजवळ श्रमच पडत नाहीत. उलटा वाकणारा जो गुडघा आपण दाखवतो, तो वास्तविक घोटा होय. गुडघा वर, पिसांत दडलेला असतो.

पण रोहिताचे खरे संसारचित्र पाहायचे ते कच्छच्या मोठ्या रणात. तेथील वसाहतीची वार्ता महाराव खेंगारजी यांच्या कारकिर्दीत बाहेर पडली आणि १९४५ मध्ये सलीम अली यांनी तेथे जाऊन एक लाखाहून अधिक घरट्यांचा अंदाज बांधला. चिखल चोचीने ओढून रचलेला, माथ्यावर खळगा असलेला बुटका शंकू, हे त्याचे घरटे. त्यात बहुधा एकच अंडे. सुमारे महिनाभर आईबाप आळीपाळीने ते उबवतात. पिल्लाला पाजतात ते अन्ननलिकेत स्रवणारे लालसर दूध, आणि ते नर-मादी दोघेही पाजतात. या दुधातून आईबापांची रंगद्रव्येही खर्ची पडतात व त्यांची पिसे फिकी होतात. वात्सल्याची इतकी उघड खूण अन्यत्र क्वचितच दिसेल.

हा सारा व्यवहार मात्र पाण्याच्या उंचीवर तोललेला असतो. पाऊस अपुरा झाला तर रणात तळे साचत नाही आणि त्या वर्षी विणीचा हंगाम हुकतो. पाणी फार चढले तर घरटी बुडतात. अकाली ओसरले तर कोल्ह्या-कुत्र्यांना कोरडी वाट मिळते. आयुष्य दीर्घ म्हणून अशी बुडीत वर्षे या जातीला सोसतात. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडच्या प्राणिसंग्रहालयातील एक थोरला रोहित २०१४ मध्ये मेला तेव्हा किमान ८३ वर्षांचा होता. परंतु तळेच कायमचे गेले तर दीर्घायुष्य काय कामाचे?

कारण ज्या जमिनीवर हा पक्षी जगतो, तिला महसुली भाषेत आपण पडीक म्हणतो. ना पीक, ना गोडे पाणी. मग भराव घालायला किंवा रस्ता न्यायला हरकत कोणाची? मुंबईनजीकची ठाण्याची खाडी हे याचे बोलके उदाहरण. शहराचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या त्या चिखलात शेवाळ माजले आणि हजारो रोहित, विशेषतः धाकटे, हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत तेथे मुक्कामाला येऊ लागले. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तथापि पक्ष्याला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. भरतीने खाडीतला चिखल झाकला की थवे आसपासच्या पाणथळींवर जाऊन थांबतात; त्या पाणथळींना मात्र बहुतांशी असे संरक्षण नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात एका थव्याची उतरत्या विमानाशी धडक झाली आणि चाळीसच्या आसपास रोहित मरून पडले. ती रात्रीची वेळ होती. रोहितांचे थवे एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जातात ते बहुधा रात्रीच.