सुवर्णाचा मुलामा ल्यालेला जंभल

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीतीशेजारी बसलेला पाषाणाचा पांचिक यक्ष ज्यांनी पाहिला असेल, त्यांना बौद्धांची धनदेवता अपरिचित नाही. त्याच यक्षपरंपरेतील जंभल, उजव्या हाती महाळुंग आणि डाव्या हाती रत्ने ओकणारे मुंगूस धारण करून, नेपाळातील पाटणच्या नेवार कारागिरांच्या हातून आजही ताम्रमूर्तीच्या रूपाने अवतरतो. मेणाच्या प्रतिमेवर मातीचे लेप चढवावयाचे, आच देऊन मेण वितळवावयाचे, त्या पोकळीत तांब्याचा रस ओतावयाचा, साचा फोडून छिन्नीने अलंकारांची नक्षी उठवावयाची आणि अखेरीस पाऱ्यात कालविलेले सोने माखून मूर्ती तापवावयाची, म्हणजे पारा उडून सुवर्णाचा मुलामा तांब्याशी एकजीव होतो. पाऱ्याची ती वाफ विषारी असते. म्हणून या तेजाचे मोल ठरविताना कारागिराचे आरोग्यही हिशेबात धरावयास हवे.