हिमालयाची चढण आणि माजी सैनिकांचा निधी

(शिरूर व दौंड तालुक्यांतील तरुण, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



माजी सैनिकांच्या साहाय्यार्थ निधी जमवावा आणि त्यानिमित्ताने हिमालयात पदभ्रमण करावे, हा आपल्या दोन्ही तालुक्यांतील तरुणांचा संकल्प अभिनंदनीय आहे. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात १९७४ पासून मणक्याला इजा झालेले जवान चाकांच्या खुर्चीवरून आयुष्य नव्याने उभारीत आले आहेत. त्यांचे ऋण फिटणारे नाही. त्याची जाणीव ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.

संकल्पाला तयारीची जोड हवी. घोड आणि भीमेच्या काठचा आपला मुलूख समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. पाठीवर ओझे घेऊन आपण पुरंदर चढाल, कळसूबाईही सर कराल. त्याने पाय बळकट होतील, दमही वाढेल. परंतु राज्यातील या सर्वोच्च शिखराची उंची १,६४६ मीटरच आहे. विरळ हवेचा सराव येथे होत नाही. साडेपाच हजार मीटरांवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. त्या हवेला सरावण्यास शरीराला वेळ द्यावाच लागतो. पैलवानालाही त्यातून सूट नाही.

आपली सेना हा नियम कसोशीने पाळते. २,७०० मीटरांच्या वर जाणाऱ्या जवानाला प्रथम ६ दिवस, ३,६०० मीटरांनंतर आणखी ४ दिवस आणि ४,५०० मीटरांनंतर पुन्हा ४ दिवस सरावासाठी दिले जातात. आपणही निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ३,००० मीटरांनंतर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये. डोके दुखून मळमळू लागल्यास वर चढू नये. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तत्काळ खाली उतरावे.

आणि म्हणूनच एक विनंती. ‘शिखर गाठलेस तर इतके रुपये देईन’ अशी देणगी स्वीकारू नका. त्या वचनापायी एखादा तरुण आपली डोकेदुखी लपवील आणि जिवास मुकेल. देणगी कार्यासाठी असावी, शिखरासाठी नव्हे. प्रवासखर्च प्रत्येकाने स्वतः सोसावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी आधी विचारविनिमय करून जमलेली सर्व रक्कम ध्वजदिन निधीत भरावी आणि तिचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा.

१९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परतलेल्या तरुणाचाही सत्कार गावाने करावा. वेळीच माघार घेणे हीही सैनिकाचीच शिस्त आहे.