शुभ्रतेचे मोल

‘वह्या पांढऱ्याशुभ्र आणा’, असे मी वर्षानुवर्षे बजावत आले. मात्र लाकडाचा लगदा लिग्निन या द्रव्यामुळे मुळात तपकिरी असतो. तो शुभ्र करण्यासाठी कारखाने दीर्घकाळ क्लोरिन वायू वापरत. त्यातून निपजणारी डायऑक्सिनसारखी विषे सांडपाण्यावाटे नदीत, माशांत उतरत. १९९२ मध्ये अमेरिकेत, व्हर्जिनियातील फ्रँकलिन येथे युनियन कॅम्पच्या कारखान्याने क्लोरिनऐवजी ओझोन योजला. प्राणवायूतून विजेच्या साहाय्याने तो जागीच निर्माण करतात. उरलेल्या ओझोनचा पुन्हा प्राणवायूच होतो. मात्रा वाढली, तर मात्र कागदाचे तंतूच दुबळे होतात. म्हणजे उपायालाही संयम हवा, तसाच आपल्या हट्टालाही. पान किंचित पिवळसर असले, म्हणून त्यावरील अक्षर उणे ठरत नाही.