रात्रीच्या जेवणाचं काय?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. सिल्लोड तालुक्यातला मुलगा आहे. वडील घाटीत ॲडमिट, सोबत हा एकटाच. पेशंटला दवाखान्यातून जेवण मिळतं, पण याचं काय? त्याने लिहिलं होतं, "दादा, दहा-बारा दिवस काढायचेत. परवडेल असं जेवण कुठं मिळेल?" आणि खाली, "माझं नाव घेऊ नका."

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या छत्रपती संभाजीनगरात अन्न कमी नाही हो. पण ते घ्यायला जाताना कोण बघेल, काय विचारेल, याचीच धास्ती जास्त असते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं लाल मिलोच्या भाकरीबद्दल सांगताना "कामावर जात होतो" हे आधी सांगतात. फुकट खाल्लं नाही, हे त्यांना ठासून सांगायचं असतं. आजही तसंच आहे.

तर आधी सरळ उत्तर. दुपारचं जेवण म्हणजे शिवभोजन. 26 जानेवारी 2020 ला ही योजना सुरू झाली. 10 रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि भाताची मूद. शहरात एका थाळीचा दर 50 रुपये धरलाय, वरचे 40 सरकार देतं. लॉकडाऊनमध्ये थाळी आधी 5 रुपयांना होती, 2021 मध्ये काही महिने तर फुकट होती. (ज्यांना 1995 ची एक रुपयाची झुणका-भाकर आठवते, त्यांनी हसू नये. त्या केंद्रांचं पुढं काय झालं ते आपण पाहिलंय.) शिवभोजनाचंही सगळं गोड नाही. केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या मधून मधून येतात, त्यामुळे जे केंद्र काल चालू होतं ते आज असेलच असं धरू नका. थाळ्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून उशिरा गेलात तर संपलेली असते.

आणि तिथं फोटो काढतात. ॲपवर जेवणाऱ्याचा फोटो, नाव. कारण समजण्यासारखं आहे: खोट्या थाळ्या दाखवून बिलं काढू नयेत. पण मला विचाराल तर, ताट घेताना मोबाईल समोर धरला की अर्धी माणसं रांगेतूनच मागं फिरतात. घाबरू नका एवढंच सांगेन. तो फोटो हिशोबासाठी आहे. 10 रुपये देऊन तुम्ही जेवताय.

आता रात्र. खरी अडचण इथं आहे, कारण शिवभोजन फक्त दुपारचं. याच शहरात या प्रश्नाचं एक फार चांगलं उत्तर कुणीतरी शोधलं होतं, आणि ते मला सांगायचंच आहे. डिसेंबर 2015 मध्ये बायजीपुऱ्यात युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. अशीच एक रोटी बँक उत्तर प्रदेशात, बुंदेलखंडातल्या महोब्यात चालू होती. इथं बँकेसारखं खातं होतं. सभासद व्हायचं, कोड नंबर घ्यायचा, आणि घरच्या स्वयंपाकातून किमान दोन ताज्या पोळ्या आणि भाजी, नाहीतर सालन, आणून जमा करायचं. ज्याला लागेल त्याने येऊन घेऊन जायचं. वेळ सकाळी 11 ते रात्री 11. घेणाऱ्याला काही विचारायचं नाही.

या रचनेतली हुशारी बघा. नोंद आहे, कोड आहे, पण तो देणाऱ्याला. घेणाऱ्याला काहीच नाही. वस्तीत अशी घरं होती, जिथं खायला कमी पडतं पण हात पसरणं जमत नाही. त्यांच्यासाठी हे होतं. तुमच्या कॉलनीत, मंडळात असं काही करायचं असेल तर मला हाच नमुना घ्यावासा वाटतो. वाटप करताना केळं हातात देऊन सेल्फी काढणाऱ्यांनी तर जरूर घ्यावा.

घाटीच्या आसपासही अन्न वाटणारी मंडळी येतात. त्यांचे वार, वेळा कुठल्या फलकावर सापडणार नाहीत. वॉर्डातल्या जुन्या नातेवाइकाला विचारा, नाहीतर गेटवरच्या चहावाल्याला. त्याला सगळं माहीत असतं.

महिनाभर राहायचं असेल तर मात्र रेशनकडे वळा. बाहेरगावचं कार्ड इथं चालत नाही, हा समज पक्का रुजलाय, आणि काही दुकानदार तो मोडू देत नाहीत. चालतं. अन्नसुरक्षेत नाव असेल तर राज्यातल्या कोणत्याही रेशन दुकानावर अंगठा देऊन धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कार्डामागे 35 किलो. जानेवारी 2023 पासून मोफत. घरच्यांनी गावात त्यांचा वाटा घ्यावा आणि वाळूजला कामाला आलेल्याने आपला इथं, असंही करता येतं. फक्त ई-केवायसी झालेली हवी. सिमेंट, विटांच्या कामाने बोटं घासलेली असतील तर ठसा उमटत नाही. तेव्हा डोळे स्कॅन करायला सांगा, किंवा 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून करा. दुकानदार परत पाठवत असेल तर 1967 वर फोन लावा. तक्रार क्रमांक मागितला की बोलण्याचा सूर बदलतो, असा अनुभव आहे.

केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांनाही सांगतो. आपला जिल्हा त्या 14 जिल्ह्यांत आहे, जिथं धान्याऐवजी खात्यात पैसे येतात. आधी माणशी महिना 150 रुपये होते, 2024 पासून 170. बँक खातं जोडलेलं नसलं तर ते येत नाहीत, आणि कुणी कळवतही नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन बघा.

विद्यार्थ्यांचा विषय मोठा आहे, त्यावर वेगळा भाग करू. आज एवढंच: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. आपल्यासारख्या शहरात त्यात वर्षाला 28,000 रुपये फक्त जेवणाचे धरलेत. पैसे उशिरा येतात, पण अर्ज केला नाही तर येणारच नाहीत. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' आहे, त्याची चौकशी वर्ष सुरू होतानाच करा.

तुमच्या भागात रात्री कुठं जेवण मिळत असेल, तर पत्ता आणि वेळ मला पाठवा. आधी स्वतः जाऊन बघा, चालू आहे ना. मी यादी करतोय. त्या सिल्लोडच्या मुलाला पहिली पाठवेन. पाठवणाऱ्याचं नाव नसलं तरी चालेल.