गृहीतके तपासणारे शेजारी

जलविद्युत केंद्राचे किंवा कागद कारखान्याचे सिम्युलेशन संगणकावर चालवले की पडद्यावर सुबक आलेख उमटतो आणि तो खराच मानावासा वाटतो. पण त्यामागे गृहीतके असतात. नळातले घर्षण किती धरले, कोणती उष्णता हिशेबातून वगळली, यातले फार थोडे छापील निबंधात उतरते. बाकीचे बाहेर काढायला तशीच यंत्रे हाताळणारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा भेटणारा जाणकार समोर बसावा लागतो. म्हणून या शास्त्राला प्रादेशिक अभ्यासमंडळे हवीतच, असे माझे ठाम मत आहे. उत्तर युरोपातली स्कँडिनेव्हियन सिम्युलेशन सोसायटी 1959 पासून हे काम करते आहे. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलँड हे देश लोकसंख्येने लहान. एकेका देशात एका विषयाचे तज्ज्ञ मोजकेच. पण ऊर्जेचे आणि कारखानदारीचे प्रश्न मात्र बरेचसे सारखे.

अशा मंडळांतून काय निपजते, हे मॉडेलिका या भाषेच्या इतिहासात दिसते. स्वीडनमधील लुंड येथे हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनी 1978 च्या प्रबंधात डायमोला ही भाषा मांडली. पंपाचे किंवा झडपेचे समीकरण भौतिकशास्त्रात असते तसेच लिहायचे आणि कोणती राशी कशातून काढायची हे संगणकावर सोपवायचे, ही त्यातली कल्पना. कल्पना उत्तम होती, तरी पुढे लुंड, लिनशॉपिंग, बर्लिन अशा ठिकाणी वेगवेगळ्या भाषा निघत राहिल्या आणि एकाचे मॉडेल दुसऱ्याला चालवता येईना. 1996 साली युरोपातील सिम्युलेशन संस्थांच्या महासंघाच्या, म्हणजे युरोसिमच्या, तांत्रिक समितीच्या आश्रयाने हे भाषाकर्ते एकत्र बसले आणि वर्षभरात, सप्टेंबर 1997 मध्ये, मॉडेलिकाची पहिली संहिता प्रसिद्ध झाली. अठरा वर्षे सुटी सुटी चाललेली वाटचाल एका वर्षात एकत्र आली, याचे मोठे श्रेय मी त्या बैठकांना देतो.

कोणी म्हणेल, आता इंटरनेट आहे, मग प्रदेशाचे बंधन कशाला? मॉडेलची फाइल कुठूनही मिळते, हे खरे. पण कडाक्याच्या थंडीत त्या झडपेचे काय होते, हे तिथे राहणाराच विचारतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ओळखीचे लोक एकमेकांच्या चुका झाकतील. हा धोका खरा आहे, आणि त्यावर उपाय खुलेपणाचा. लिनशॉपिंगमध्ये आकाराला आलेल्या ओपनमॉडेलिका या मॉडेलिका चालवणाऱ्या प्रणालीचा स्रोत खुला आहे. म्हणूनच आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाला ती उचलून विद्यार्थ्यांपर्यंत नेता आली. साधन असे आपल्या दारी आले आहे. पुण्यात तर खडकवासल्याचे 1916 पासूनचे जल आणि विद्युत संशोधन केंद्र, पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था आणि प्रगत संगणनाची सी-डॅक ही संस्था एकाच शहरात आहेत. इथल्या मॉडेलकारांनी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना सोबत घेऊन प्रादेशिक मंडळ चालवावे आणि पहिल्या बैठकीला 2019 चा कृष्णा-पंचगंगेचा पूर घ्यावा. पावसाचे मॉडेल करणाऱ्याने आपली गृहीतके नदीचे मॉडेल करणाऱ्यापुढे ठेवावीत, आणि सांगली-कोल्हापूरच्या पाटबंधारे अभियंत्यांनी दोघांनाही प्रश्न विचारावेत.